मोकाट, मोगलाई, मुक्ती

‘काय मोगलाई लागून गेली आहे का?’ हा प्रश्न लहानपणी ज्याच्या कानावर आला नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. आमच्याकडे तो मालवणीत येतो, ‘मोगलाई लागली हा काय रे?’ गडगा ओलांडून कलमांच्या बागेत शिरलेल्या पोरांना, एसटीच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्याला, न विचारता दुसऱ्याच्या विहिरीवर पंप लावणाऱ्याला तो सारख्याच जोराने विचारला जातो. गंमत अशी की, जामसंडे-देवगडच्या या किनाऱ्यावर मोगलांचा अंमल कधी नीट बसलाच नाही. विजयदुर्गाचे धनी पाहा. आदिलशाही, शिवाजी महाराज, मग आंग्रे, १७५६ नंतर पेशवे आणि १८१८ नंतर इंग्रज. मोगल आले नाहीत. त्यांच्या नावाचा टोमणा मात्र आला आणि राहिला.

माझे जामसंड्याच्या बाजारात छोटे दुकान आहे. गल्ल्याशेजारी एक शंभरपानी वही असते आणि गिऱ्हाइकांच्या बोलण्यातला एखादा शब्द खटकला की मी तो तिथल्या तिथे टिपून ठेवतो. भाषाशास्त्राचे शिक्षण मला नाही. जे काही आहे ते वाचनालयातली पुस्तके, जुनी गॅझेटिअरे आणि हा बाजार यांच्यावर उभे आहे. पंचवीसेक वर्षांच्या वह्या एकदा सलग वाचताना दिसले, की स्वातंत्र्याभोवती फिरणाऱ्या शब्दांचा एक मोठा गठ्ठा त्यात साचला आहे, चेष्टेचा, टोमण्यांचा, शिव्यांचा. खुद्द ‘स्वातंत्र्य’ हा शब्द मात्र त्यात क्वचितच. तो जोडाक्षरांनी जड झालेला, फलकावरचा, ध्वनिक्षेपकातला शब्द. हसायचे असले की माणसे त्याच्या शेजाऱ्यांकडे वळतात. मोगलाई, मोकाट, मोकळा, सुटका, मुक्ती आणि अलीकडे फ्री. या शेजाऱ्यांच्या मागोमाग गेले की कोणाच्या वाट्याला किती सुटका आली याचा एक गावठी हिशेब हाती लागतो. तो इथे मांडतो.

मोगलाई हा शब्द मुळात शिवीचा नाही, जमाखर्चाचा आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून तीन सनदा घेऊन परतला: चौथाईची, सरदेशमुखीची आणि स्वराज्याची. इथे स्वराज्य म्हणजे शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख. पुढे दप्तरांत ‘स्वराज्य’ आणि ‘मोगलाई’ ही वसुलाची दोन सदरे झाली. दुअंमली गावांत एकाच रयतेच्या घामातून दोन्ही सदरे भरली जात. कुळाच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडचा कारकून सारख्याच पागोट्याचा असणार. पुढे निजामाच्या मुलखालाच मराठीत सर्रास मोगलाई म्हणू लागले आणि तो प्रघात १९४८ पर्यंत चालला. पण बोलण्यातल्या मोगलाईत राजा नसतोच. तिथे ज्याला जे वाटेल ते तो करतो आणि विचारणारा कोणी नसतो. परक्याच्या राज्याचे नाव आपल्या लोकांनी आपल्याच बेशिस्तीला चिकटवले. मराठी माणसाने स्वातंत्र्यावर केलेली ही बहुधा सर्वांत जुनी कोटी, आणि तिच्यात ‘स्वराज्य’ सुरक्षित राहते. ‘काय स्वराज्य लागून गेले आहे का?’ असे कोणी म्हणत नसे. निदान १९४७ पर्यंत तरी.

स्वराज्य या शब्दाला चेष्टेत ओढले ते खुद्द लोकमान्यांच्या वाक्याने. १९१६ हे होमरूलचे वर्ष. बेळगावला लीग स्थापन झाली, नगरला व्याख्याने झाली, व्याख्यानांबद्दल सरकारने वीस हजारांचा जातमुचलका मागितला आणि जीनांनी वकिली करून मुंबई हायकोर्टात तो रद्द करवला. स्वराज्य हा आपला जन्मसिद्ध हक्क असल्याची घोषणा या वर्षाच्या धामधुमीतच घरोघर पोहोचली. वाक्याची घडण अशी, की मधले नाम काढून दुसरे घातले तरी वाक्य उभेच राहते. ‘दुपारची झोप हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि ती मी घेणारच’ असे न म्हणणारा कोकणी गृहस्थ मी अजून पाहिलेला नाही. तळलेली सुरमई, बायकोच्या माहेरचा फणस, कॅरमची राणी, सगळे जन्मसिद्ध हक्काने मिळवून झाले आहे. मला हा लोकमान्यांचा अपमान वाटत नाही. जे वाक्य लोकांनी जेवणाच्या पाटावर आणून बसवले, ते त्यांच्या तोंडात बसले एवढाच त्याचा अर्थ.

मात्र आमच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात या वाक्याला एक दुसरी धार आहे. जन्मसिद्ध हक्क म्हणजे काय हे इथल्या कुळांना टिळकांच्या आधीपासून ठाऊक होते, कारण खोताचा हक्क जन्मसिद्धच होता. टिळक स्वतः चिखलगावच्या खोत घराण्यातले. सरकार खोतीच्या कायद्यात हात घालू लागले तेव्हा त्यांची लेखणी खोतांच्या बाजूने चालली. म्हणजे त्याच दोन शब्दांनी एकाला इंग्रजांपासून सुटका दिसत होती, तर दुसऱ्याला अर्धेली घेऊन जाणारा माणूस दिसत होता. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर, म्हणजे स्वराज्य आल्यावर. कुळांना कसत्या जमिनीचे मालक मानण्याची तारीख पडली १ एप्रिल १९५७. त्याच दिवशी नवा पैसाही सुरू झाला. दोन्ही गोष्टी एप्रिल फूल नाहीत ना, हा विनोद त्या दिवशी कुठेच झाला नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आता मोकाट. हा शब्द गुरांचा. भात कापून झाले की कोकणात गुरे मोकळी सोडण्याची रीत आहे. तेवढे महिने गडगे नावापुरते उरतात आणि कोणाची गाय कोणाच्या मळ्यात, याचा हिशेब फारसा होत नाही. भांडण होते ते कोणी वायंगणाचे पीक घेतले किंवा नवी कलमे लावली तर. मग कोंडवाडा आठवतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी मोकाट जनावरांचा बंदोबस्त केला, दंड ठरवले, आणि स्वातंत्र्यानंतर तो कोंडवाडा ग्रामपंचायतीकडे आला. गावातला सर्वांत जुना तुरुंग हाच, आणि आतल्या कैद्याला आपण का आत आहोत ते कधीच कळत नाही. त्यामुळे ‘मोकाट सुटलाय’ या शब्दांत दुसरा अर्धा भाग न बोलता येतोच, याला कोंडवाड्यात घालायला हवा.

गुरांतही एकाला सूट असते. देवाच्या नावाने सोडलेला पोळ कोणाच्याही शेतात शिरला तरी त्याला काठी मारायची नाही. ‘पोळासारखो फिरता’ हे आमच्याकडे उनाड तरुणाबद्दल म्हणतात. म्हणणाऱ्याच्या आवाजात राग असतो, पण थोडे कौतुकही असते. आणि इथेच माझ्या वहीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा जोड येतो. ‘देवाला सोडणे’ हे क्रियापद याच किनाऱ्यावर मुलींसाठीही वापरात होते. सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंतच्या देवळांतल्या भाविणी देवाला वाहिलेल्या, देवाला सोडलेल्या. देवाला सोडलेला बैल कोणाच्याही मळ्यात मुखत्यार. देवाला सोडलेली मुलगी मात्र देवळाच्या झाडलोटीला, दिव्याबत्तीला आणि गावच्या मानकऱ्यांच्या मर्जीला बांधलेली. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि असे सोडणे गुन्हा ठरले. पण त्या घरांतल्या मुलांची नावे शाळेच्या हजेरीपटावर लिहिताना बापाच्या रकान्याशी मास्तरांची लेखणी थांबत असे. त्यांच्यावरून होणारे विनोद इथे छापण्यासारखे नाहीत. मी ते वहीतही उतरवून घेतलेले नाहीत.

एकदा हे दिसले की बाकीचे शब्दही पुरुषाला एक आणि बाईला दुसरे असे फुटलेले दिसू लागतात. ‘मोकळ्या स्वभावाचा’ ही पुरुषाची स्तुती; बाईच्या बाबतीत तेच शब्द आवाज खाली आणून उच्चारले जातात. बाई ‘मोकळी झाली’ म्हणजे बाळंत झाली, आणि हा त्या शब्दाचा सर्वांत सुंदर अर्थ. नवऱ्याने ‘मोकळी केली’ म्हणजे टाकली. काडीमोड झाली, सोडचिठ्ठी दिली, की ‘तो मोकळा झाला’, म्हणजे दुसरे लग्न करायला. ती मात्र ‘सोडलेली’. चिठ्ठी एकच, पण सुटका एकाच बाजूला पोहोचते. संस्कृतातून आलेल्या ‘स्वैर’ची हीच गत. स्वैर कल्पना, स्वैर अनुवाद हे सगळे चालते. पण त्याचे ‘स्वैरिणी’ हे स्त्रीलिंग झाले की अर्थ थेट बदफैली. मनुस्मृतीत स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही असे सांगणारे वचन प्रसिद्धच आहे. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाशी अनेक मराठी घरांची पहिली ओळख त्या वचनातून झाली असेल तर नवल नाही.

एकोणिसाव्या शतकात तर या शब्दावर आख्खी नाटके रचली गेली. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ ची. पुरुषांचे दोष एकेक काढून त्यांच्याच पदरात टाकणारे ते मराठीतले अस्सल उपहासाचे पुस्तक. चारच वर्षांनी, १८८६ साली, नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ आली. तिच्या लांबलचक शीर्षकातच स्त्रीस्वातंत्र्याचे भविष्य वर्तवलेले आहे, आणि ते भविष्य अर्थातच शिकलेल्या बायकांच्या बेतालपणाचे. ती नाटिका गाजली. ताराबाईंचे पुस्तक मात्र विस्मरणात गेले आणि ते पुन्हा लोकांसमोर यायला जवळजवळ शतक लागले. विनोद कोण करतो, यापेक्षा कोणाचा विनोद रंगभूमीवर चढतो हे पाहावे. १९७५ साली पुण्यात स्त्रीमुक्तीची मोठी परिषद झाली, आणि थोड्याच वर्षांत ‘स्त्रीमुक्तीवाली’ हा टोमणा तयार होऊन आमच्या तालुक्यापर्यंत आला. केस कापले, स्कूटर चालवली, ग्रामसभेत प्रश्न विचारला, नवऱ्याला चहा करायला लावला, सगळ्याला हा एकच शब्द. त्याच काळात स्त्रीमुक्ती संघटनेचे ‘मुलगी झाली हो’ गावोगाव खेळले जात होते. त्यात बायकाही हसवीत होत्या, पण त्या विनोदाचा टोमणा काही झाला नाही.

‘मोकळा’ हा शब्द पुरुषांवरही उलटला आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या संपावर गेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत कोकणातले किती, हे आमच्या गावांना आकड्यांनी सांगावे लागत नाही. पोस्टमनची पिशवी हलकी झाली त्यावरून कळले. मनिऑर्डरीवर चालणारी घरे थांबली, माणसे बिछाने गुंडाळून गावी आली. ‘सध्या काय करतोस?’ ‘मोकळोच आसय.’ हे उत्तर त्या पिढीने इतक्या वेळा दिले, की माझ्या वहीत ‘मोकळा’पुढे बेकार हा अर्थ पहिला लिहिलेला आहे. आता शहरातली मुले म्हणतात, ‘मी फ्रीच आहे.’ शब्द बदलला, नोकरी तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

राजकीय स्वातंत्र्याची गोष्ट घ्यायची तर मराठी बोलणाऱ्यांना ते एका दिवशी मिळालेच नाही. आम्हाला १५ ऑगस्ट १९४७. मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८. गोव्याला १९ डिसेंबर १९६१. आणि १९४७ पासून ‘स्वराज्य’सुद्धा टोमण्यात सापडले. विनातिकीट प्रवास, सरकारी सागाची चोरी, उशिरा उघडणारी कचेरी, सगळ्याला एकच उत्तर, ‘स्वराज्य आलां मां!’ सार्वजनिक मालमत्ता तुमचीच आहे, ती जपा, असे फलक लागले. तुमचीच आहे तर आपला वाटा घेऊन जा, ही त्यावरची कोटी लोकांनीच पूर्ण केली. मोगलाईच्या जागी स्वराज्य बसले. अडीचशे वर्षांत दोन्ही सदरांची बेरीज बोलण्यात एक झाली.

सीमेवरची तऱ्हा आणखी निराळी. गोव्यात सालाझारची सत्ता होती. सभा नाही, वर्तमानपत्र नाही, लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापायची. डॉ. लोहियांनी १८ जून १९४६ ला मडगावात ती कोंडी फोडली. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रही गोळ्यांना सामोरे गेले, आणि त्या वाटेने आमच्या भागातून गेलेली माणसे अजून कोणाच्या तरी आठवणीत आहेत. पण अलीकडे, स्वतंत्र मुंबई राज्यात, १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि पेला उचलायला डॉक्टरी कारणाचा परवाना लागे. म्हणजे बांद्याच्या अलीकडे बोलायची मोकळीक आणि प्यायची बंदी, पलीकडे प्यायची मोकळीक आणि बोलायची बंदी. हा विनोद माझा नाही, सावंतवाडीकडच्या जुन्या लोकांचा आहे. यात त्यांनी कोणत्या स्वातंत्र्याला वरचा नंबर दिला हे मात्र ते कधी सांगत नाहीत.

स्वातंत्र्याचे असे हसे फक्त आपणच करतो असे नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने जर्मनांचे नाव नको म्हणून त्यांच्या आंबवलेल्या कोबीला ‘लिबर्टी कॅबेज’ म्हटले. २००३ साली इराकच्या युद्धाला फ्रान्सने विरोध केला, तेव्हा तिथल्या संसदेच्या उपाहारगृहात बटाट्याच्या ‘फ्रेंच फ्राइज’ एका रात्रीत ‘फ्रीडम फ्राइज’ झाल्या. हे अधिकृत होते आणि गंभीर होते, म्हणून जग जास्त हसले. तेव्हापासून अमेरिकन सगळ्याच गोष्टींना थट्टेने ‘फ्रीडम’ लावतात. फूट आणि पौंड यांना ते ‘फ्रीडम युनिट्स’ म्हणतात. ज्या राजापासून ते स्वतंत्र झाले त्याच राजाची ती मापे! आपण उलट केले. स्वातंत्र्य आल्यावर आधी मापे बदलली, मीटर-किलो आणले. आमच्या आज्या मात्र नंतरही कित्येक वर्षे पायली-कुडवानेच भात मोजत होत्या.

अधिकृत गांभीर्यातून विनोद निघतो याचा मराठी पुरावा निवृत्तिवेतनाचा. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविशीला, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट आणि निवृत्तिवेतन दिले. ताम्रपट हा शब्द शिलाहार-चालुक्यांच्या जमीनदानाचा. तो पुन्हा चलनात आला आणि त्याच्यामागून ‘ताम्रपटधारी’ हा किंचित हसरा शब्दही आला. त्यानंतर कागद बोलू लागले. बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नावावर शेकडो खोटी प्रकरणे झाल्याची तक्रार गेली, निवृत्त न्यायमूर्ती पालकरांकडे चौकशी आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ‘बोगस स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्दप्रयोग मराठी वर्तमानपत्रांत रुळला. ‘स्वातंत्र्य’ या भारदस्त शब्दाला अस्सल बाजारी विशेषण लागले ते इथे. खरा तुरुंगवास भोगलेल्या म्हाताऱ्यांना यानंतर आपल्या जन्मतारखा पुन्हापुन्हा सांगाव्या लागल्या. या विनोदाची किंमत त्यांनी भरली.

आणि मग ‘मुक्त’. गेल्या पन्नास वर्षांत सरकारने या शब्दाचा जेवढा वापर केला तेवढा संतांनीही केला नसेल. कर्जमुक्ती, व्यसनमुक्ती, मुक्त विद्यापीठ, तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव. तंटामुक्तीची मोहीम २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली, आणि तंटामुक्त समितीचा अध्यक्ष कोण यावरून झालेल्या तंट्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. त्यामुळे आमच्याकडे भांडकुदळ माणसाला ‘अध्यक्ष’ म्हणतात. हागणदारीमुक्तची दोन अर्धी उलटी करून म्हणण्याचा विनोद शाळकरी पोरांनी पाटी लागली त्याच दिवशी केला. पाटी अशी की गावाच्या वेशीवर आणि पाठीमागे झुडूप. पण पुढे सिंधुदुर्गाने ते काम खरोखर केले. २०१६ च्या केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात आमचा जिल्हा देशात पहिला आला, तोही ‘सपाट प्रदेश’ या गटात! घाटाच्या पायथ्याशी, चढउतारांत आयुष्य काढलेल्या माणसांनी हे ऐकून स्वच्छतेपेक्षा त्या सपाटपणावरच जास्त चर्चा केली.

या ‘मुक्त’च्या मागे एक जुनी गोष्ट आहे, आणि ती विनोदाची नाही. कोकण गांधी अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले आणि सरकारने नाकारले, कारण ते काम ठरावीक जातीचेच. त्यासाठी अप्पांनी उपोषण केले, आणि येरवड्यात गांधीजीही त्यांच्या पाठिंब्याला अन्नत्यागाला बसले. स्वराज्यासाठी तुरुंगात गेलेला माणूस तिथे संडास साफ करण्याचे स्वातंत्र्य मागतो, हे त्या काळच्या उच्चवर्णीय घरांत चेष्टेचाच विषय झाले असणार. पुढे १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. डोक्यावरून मैला वाहायला लागू नये असा संडास तिथे घडला आणि ‘भंगीमुक्ती’ हा शब्द त्यांनी चालवला. हागणदारीमुक्तीच्या पाटीवर त्यांचे नाव मी कुठे पाहिले नाही.

वहीतल्या अगदी अलीकडच्या नोंदी एसटीतल्या आहेत. २०२२ साली, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात, पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत झाली. योजनेचे नाव ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’. म्हणजे देशाच्या वयाचा प्रवासी आणि त्याहून मोठा, यांना शून्य रुपयांचे तिकीट. आता वाहक विचारतो, ‘अमृत काय?’ आणि म्हातारा आधार कार्ड काढतो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट लागू झाले. पुरुष प्रवाशांनी लगेच ‘हाफ’ हा शब्द त्यांच्यासाठी ठरवून टाकला, ‘पुढल्या सीटवर सगळी हाफां बसलीहत’. मी ही नोंद केली तेव्हा मागे बसलेल्या एका बाईने ते ऐकले असावे. कुणकेश्वराला निघाल्या होत्या, बरोबर दोन जावा, हातात फुलांची परडी. त्या पुढे वाकून म्हणाल्या, ‘हाफ तर हाफ. आदी घरात विचारूचा लागा. आता निसता निगालंव.’

‘निसता निगालंव’ वहीत ‘मोकळी’च्या खाली, पाचवा अर्थ म्हणून लिहिले आहे.